यूपीएसची राखीव क्षमता आणि इको मोड: कोणत्या क्रमाने काय तपासावे

सहकारी बँकेची सर्व्हर खोली असो वा मध्यम रुग्णालयाचा संगणक कक्ष, यूपीएसच्या पडद्यावर ‘इको मोड’ हा पर्याय दिसला की वीजबिलाच्या धाकाने तो आधी सुरू केला जातो. माझ्या मते राखीव क्षमता, म्हणजे एखादे मॉड्यूल (यूपीएसमधला स्वतंत्र वीज-घटक) बंद पडले तरी भार पेलण्याची ताकद, आधी मोजावी, जास्तीची मॉड्यूल निद्रिस्त ठेवण्याची सोय त्यानंतर वापरावी आणि इको मोडकडे सर्वांत शेवटी वळावे.

समजा, २५ किलोवॅटची तीन मॉड्यूल समांतर जोडलेली आहेत आणि भार ४० किलोवॅट आहे. प्रत्येक मॉड्यूलवर साधारण १३.३ किलोवॅट येतात; एक बंद पडले तर उरलेल्या दोघांवर २०-२० येतात आणि काम निभावते. यालाच ‘एन प्लस वन’ म्हणतात. पुढे दोन-चार सर्व्हर वाढून भार ५२ किलोवॅट झाला, तर पडदा ६९ टक्के भार दाखवत राहतो आणि सगळे आलबेल वाटते. प्रत्यक्षात एक मॉड्यूल गेल्यावर दुसऱ्या दोघांवर २६-२६ किलोवॅट पडतील आणि ओव्हरलोडची ठरावीक मुदत संपताच सगळा भार बायपासवर, म्हणजे यूपीएसचे संरक्षण टाळून थेट मुख्य पुरवठ्यावर जाईल. राखीव क्षमता संपल्याचा इशारा यूपीएसमध्ये असेल तर तो चालू आहे ना, हे मुद्दाम पाहावे.

एकूण आकड्यावर विसंबू नये, कारण खरा घोळ फेजमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या तीन तारांवर भार कसा वाटला आहे यात असतो. वरच्याच उदाहरणात ४० किलोवॅटपैकी आर फेजवर १८, वाय फेजवर १२ आणि बी फेजवर १० किलोवॅट असतील, तर प्रत्येक मॉड्यूलची क्षमता तिन्ही फेजवर समान विभागलेली असल्याने दोन मॉड्यूलना एका फेजवर मिळून जेमतेम १६.७ किलोवॅट देता येतात, म्हणजे आर फेजपुरती राखीव क्षमता आजच संपलेली आहे. इलेक्ट्रिशियनकडून रॅकची विभागणी बदलून घेणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. मॉड्यूल तीन पण बॅटरी बँक एकच, असा प्रकार असेल तर ती बँक हाच सर्वांत कच्चा दुवा समजावा.

राखीव क्षमतेची किंमत कमी भारावर मोजावी लागते. रात्री भार १५ किलोवॅटवर उतरला की तीन मॉड्यूल जेमतेम २० टक्क्यांवर चालतात, आणि इतक्या कमी भारावर बहुतेक यूपीएसची कार्यक्षमता घसरते. स्लीप मोड असल्यास ‘किमान दोन मॉड्यूल चालू’ अशी मर्यादा घालून तिसरे निद्रिस्त ठेवावे: एकावर भार निभावतो, दुसरे राखीव राहते. निद्रिस्त मॉड्यूल आळीपाळीने बदलण्याची सोयही सुरू करावी, म्हणजे सगळ्यांची झीज सारखी होते. या बचतीत सर्व्हरपर्यंत पोहोचणारी वीज इन्व्हर्टरमधूनच (डीसीपासून स्थिर एसी वीज बनवणाऱ्या भागातूनच) जाते, म्हणून मी तिला इको मोडच्या आधी ठेवतो.

इको मोडमध्ये मात्र वीज स्टॅटिक बायपासमधून थेट भाराकडे जाते आणि इन्व्हर्टर तयारीत थांबतो. डबल कन्व्हर्जनची (एसीची डीसी आणि पुन्हा एसी करण्याच्या नेहमीच्या पद्धतीची) कार्यक्षमता ९५ टक्के आणि इको मोडची ९८.५ टक्के धरली, तर ४० किलोवॅटच्या भारावर सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे वर्षाला १३,१०० युनिटांच्या आसपास वाचतात. युनिटला १० रुपये धरल्यास ते १.३ लाख होतात. खोलीत तेवढी उष्णता कमी झाल्याने एसीचे बिलही थोडे उतरते. बदल्यात पुरवठ्यातील चढउतार भारापर्यंत पोहोचतात, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात. चांगले सर्व्हर पॉवर सप्लाय १० ते २० मिलिसेकंद तग धरतात. जुने नेटवर्क स्विच आणि कॉन्टॅक्टर (विजेच्या चुंबकाने चालू-बंद होणारे स्विच) यांची मात्र खात्री देता येत नाही.

म्हणून इको मोड सुरू करण्यापूर्वी यूपीएसचा इव्हेंट लॉग काढून गेल्या वर्षभरात व्होल्टेज किती वेळा मर्यादेबाहेर गेले ते पाहावे. ग्रामीण फीडरवर पावसाळ्यात अशा नोंदींची रांग लागत असेल, तर जून ते सप्टेंबर हा मोड बंदच ठेवावा. सेटिंगमध्ये बायपासची मर्यादा २३० व्होल्टच्या दहा टक्के खालीवर ठेवावी, एकदा बाहेर पडल्यावर यूपीएसने लगेच इको मोडमध्ये परतू नये यासाठी काही मिनिटांचा विलंब द्यावा, आणि जनरेटर चालू असताना मोड आपोआप बंद होईल अशी जोडणी करून घ्यावी, कारण जनरेटरची फ्रिक्वेन्सी भार बदलताच हलते.

चाचणी सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना करावी. प्रथम डबल कन्व्हर्जनमध्ये एक मॉड्यूल बंद करून तिन्ही फेजवरील भार लिहून घ्यावा आणि ते परत चालू करावे. मग इको मोडमध्ये मुख्य पुरवठ्याचा ब्रेकर पाडावा. त्यानंतर प्रत्येक सर्व्हरचा, स्विचचा आणि स्टोरेजचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असल्याचा वेळ पाहावा. ज्याचा काटा शून्यापासून सुरू झाला असेल, ते उपकरण आधी बदलावे किंवा त्याला वेगळा छोटा ऑनलाइन यूपीएस द्यावा. तोवर इको मोड बंद ठेवावा.