सख्ख्या भावाने दगा दिल्यावर देवावर भरवसा कसा ठेवायचा

बाबांना जाऊन दोन महिने होतात. दादा दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जातो, "वारसाच्या नोंदीला लागतं" म्हणतो. फोटो निघतो, अंगठा लागतो. वर्षभराने आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीवर, एकट्या दादाचं नाव दिसतं, तेव्हा कळतं की ते हक्कसोडपत्र होतं. आणि दर रविवारी तोच दादा दोन बाकं पुढे उभा राहून मोठ्याने गीत गातो. "देवा, तू कुठे होतास?" हा प्रश्न मग चर्चमधून घरापर्यंत सोबत येतो.

तो प्रश्न गिळू नका. पवित्र शास्त्रातलं स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" ही तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. एक वही घ्या आणि रात्री पंधरा मिनिटं याच क्रमाने लिहा. तक्रारीत "कठीण प्रसंग" असलं गुळमुळीत लिहू नका, "दादाने खोटं बोलून सही घेतली" असं लिहा. बहुतेकांची चूक इथेच होते. पहिल्या चार ओव्या टाकून थेट पाचवीवर उडी मारतात. मग प्रार्थना कोरडी पडते, कारण मनातलं खरं देवासमोर आलेलंच नसतं. पाचवी ओवी तोंडातून निघत नसेल तर ती जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच.

दगा वडिलांनीच दिला असेल तर "हे आमच्या पित्या" म्हणताना घसा दाटतो. काही दिवस स्तोत्र २३ मधल्या मेंढपाळाला हाक मारा. देव त्याने दुखावत नाही.

आता योसेफ, ज्याला सख्ख्या-सावत्र भावांनीच विकलं आणि जो पुढे मिसरात मोठा अधिकारी झाला. नातेवाईक तो हटकून काढतात: "देवाने चांगल्यासाठीच केलं, सोडून दे." पण हिशोब बघा. विकला गेला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३०. सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षं धरली तर भावांना ओळख दिली तेव्हा ३९. म्हणजे "देवाने मला पाठवलं" हे त्याने २२ वर्षांनी म्हटलं, तेही स्वतः, दुसऱ्या कुणी त्याच्याकडून वदवून घेतलं नाही. त्याआधी त्याने शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला आणि भाऊ बदललेत का ते तपासलं. क्षमा आणि विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत. सूड देवावर सोपवणं म्हणजे क्षमा (रोम. १२:१९), ती आज सुरू होऊ शकते. दादावरचा विश्वास मात्र त्याच्या वागण्यातून हळूहळू जमा व्हायचा. देवावरचा भरवसा या दुसऱ्या खात्यावर अवलंबून ठेवला की दादाच्या प्रत्येक खोट्यासोबत तोही बुडतो.

"वेदीपाशी दान ठेव, आधी भावाशी समेट कर" हे वचनही (मत्तय ५:२३-२४) दुखावलेल्यालाच ऐकवतात. ते नीट वाचा: ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने उठून जायचंय. म्हणजे इथे दादाने. तुमच्यासाठी मत्तय १८:१५-१७ आहे: आधी एकांतात बोला, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीसमोर. पाळकांना आणि दोन वडीलधाऱ्यांना तारीख ठरवून बसवा आणि एक महिन्याची मुदत द्या. मारहाणीची भीती असेल तर एकांताची पायरी गाळा.

"विश्वासणाऱ्याने कोर्टात जाऊ नये" म्हणणाऱ्यांना सांगा की १ करिंथ ६ मध्ये प्रेषित पौल आधी मंडळीतल्या शहाण्या माणसाकडून निवाडा मागतो. तो मागून झाला. आणि त्याच पौलाने स्वतःवर आलं तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषित २५:११). शिवाय वेळ थांबत नाही: फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा दावा, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती वडिलांच्या मालमत्तेतलं एक तृतीयांश आईला आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००. अर्ज करणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही.

झोप उडाली, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं झालं तर प्रार्थनेसोबत १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा फोन लावा. ते मराठीत बोलतात.

नाताळात वहिनी करंज्यांचा डबा पाठवेल. घ्या. डबा रिकामा परत करू नये ही आपली रीतही पाळा. फक्त डब्यासोबत एखादा कागद आला, तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.