‘अगापे’वर बोलताना या चुका टाळा

फळ्यावर प्रेमासाठीच्या चार ग्रीक शब्दांची एरॉस, स्टॉर्गे, फिलिया, अगापे अशी उतरंड मांडायची आणि सगळ्यात वर लिहायचं, ‘अगापे म्हणजे फक्त देवाची निःस्वार्थ प्रीती’. हे थांबायला हवं. मूळ ग्रीकमधल्या नव्या करारात एरॉस एकदाही येत नाही, स्टॉर्गे सुटा येत नाही. फिलिया एकदाच येतो, याकोब ४:४ मध्ये, आणि तिथे ती जगाशी केलेली मैत्री आहे.

अगापेचं म्हणाल, तर २ शमुवेल १३ चं प्राचीन ग्रीक भाषांतर काढा. अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला. त्याआधी तिच्याबद्दल त्याला जे वाटत होतं, त्याला पंधराव्या वचनात ‘अगापे’ हाच शब्द आहे. देमासाला जग प्रिय झालं (२ तीमथ्य ४:१०), परूश्यांना मानाची आसनं आवडतात (लूक ११:४३), माणसांना अंधार आवडला (योहान ३:१९). तिन्हीकडे क्रियापद अगापाओ, म्हणजे अगापेचंच क्रियापद रूप. प्रीती कशी आहे हे भोवतालचं वाक्य सांगतं. पवित्रपणा शब्दातच भरलेला असता, तर प्रीती कशी असते आणि कशी नसते हे १ करिंथ १३ मध्ये पौलाला एवढं उलगडून सांगावं लागलं नसतं.

दुसरी चूक योहान २१ ची, आणि ती जास्त पसरली आहे. तिथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ येशू दोनदा अगापाओ वापरतो, पेत्र उत्तरात दर वेळी फिलेओ (फिलियाचं क्रियापद). तिसऱ्यांदा येशूही फिलेओवर येतो. यावरून ‘येशूने अपेक्षा खाली आणली’ असा संदेश दिला जातो. एका शिबिरात एका मुलाने योहान ५:२० काढून विचारलं, “मग पिता पुत्रावर कमी प्रीती करतो का?” तिथे फिलेओच आहे. वक्त्याला उत्तर देता आलं नाही. योहान ३:३५ मध्ये त्याच पित्याच्या प्रीतीला अगापाओ आहे. योहान शब्द बदलत जातो. याच संवादात कोकरं आणि मेंढरं, चारणं आणि पाळणं हेही बदललंय. शिवाय पेत्र ‘होय, प्रभू’ म्हणतो, आणि त्याला वाईट वाटतं ते तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. आधी पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं; त्या तीन नकारांसमोर हे तीन प्रश्न आहेत. ग्रीकचं काही दाखवायचंच असेल, तर ‘अँथ्राकिया’ दाखवा. कोळशांचा हा विस्तव नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: पेत्राने नाकारलं त्या अंगणात (१८:१८) आणि इथे किनाऱ्यावर (२१:९). घाईत तो कुणाला दिसत नाही.

इतर ग्रीक शब्दांचंही तेच. ‘डुनामिस’ (सामर्थ्य) या शब्दावरून डायनामाइट सांगू नका; ते १८६७ चं आहे, पौलाला माहीत नव्हतं.

‘एक्लेसिया’ (मंडळी) म्हणजे ‘बाहेर बोलावलेले’ असं फोड करून सांगू नका. प्रेषितांची कृत्ये १९:३२ मध्ये इफिसातल्या गोंधळलेल्या जमावालाही तोच शब्द आहे.

स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला क्रमांक शोधून खालच्या यादीतला आवडेल तो अर्थ उचलणं हा आळस आहे. मी आधी शब्दसूची उघडतो, त्या लेखकाने तो शब्द वापरलेली सगळी वचनं वहीत उतरवतो आणि सोयीची नसलेली सगळ्यात वर लिहितो. योहानात फिलेओ १३ वेळाच आहे. एका संध्याकाळचं काम.