ब्रिटनमधील एखाद्या गल्लीचा युद्धकाळ कसा शोधावा

ब्रिटनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला गेलेल्या माणसाला तिथल्या जुन्या वस्त्यांमध्ये एक दृश्य वारंवार दिसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, भिंतीला भिंत लावून बांधलेली विटांची घरे ओळीने चाललेली असतात आणि मध्येच तीन-चार घरांच्या रुंदीत वेगळ्याच विटांची, सपाट छपराची इमारत उभी असते, किंवा नुसती छोटी बाग असते. ती जागा पुष्कळदा दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बची असते आणि पुष्कळदा नसतेही. ती कशामुळे रिकामी झाली, बॉम्बच असेल तर तो कोणत्या रात्री पडला आणि त्या रात्री तिथे कोण राहत होते, याचा बराचसा शोध आज घरबसल्या घेता येतो. तो कसा घ्यावा, हे इथे क्रमाने सांगत आहे. उदाहरणे मुख्यतः लंडनची आहेत, कारण नकाशे आणि नोंदी तिथल्याच सर्वांत दाट आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे युद्धापासून सुरुवात न करता एका पत्त्यापासून करावी. ‘आमच्या भागात काय झाले’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘या गल्लीतल्या 14 ते 20 क्रमांकांच्या घरांचे काय झाले’ हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. मात्र आजचा पत्ता आणि 1940 चा पत्ता एकच असेल असे गृहीत धरू नये. तेव्हाच्या लंडनचा कारभार पाहणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलने 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात एकसारख्या नावांचा घोळ मिटवण्यासाठी अनेक रस्त्यांची नावे बदलली होती आणि युद्धानंतरच्या बांधकामात घरांचे क्रमांकही पुष्कळ ठिकाणी नव्याने पडले. म्हणून नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येणारे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे जुने नकाशे आधी उघडावेत. तिथे जुना नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सोय आहे. त्याच संग्रहातल्या 1940 च्या दशकाच्या अखेरीच्या आणि 1950 च्या दशकाच्या, घर न् घर दाखवणाऱ्या नकाशांत घरांच्या जागी ‘रुइन’ म्हणजे भग्नावशेष असा शब्द छापलेला आढळतो. घरांच्या ओळीत तो एकच शब्द वाचताना मन थबकते, आणि शोधाचा पहिला भक्कम पुरावाही तोच असतो.

जागा लंडनमध्ये असेल तर यानंतर काउंटी कौन्सिलचे बॉम्बहानीचे नकाशे पाहावेत. कौन्सिलच्या वास्तुविशारद विभागाने युद्धकाळातच हे नकाशे हाताने रंगवत ठेवले होते. मूळ प्रती द लंडन आर्काइव्हज या अभिलेखागारात आहेत. रंगांचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. काळा रंग म्हणजे घर पूर्ण नष्ट झाले. जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेले. गडद लाल म्हणजे गंभीर हानी झाली असून दुरुस्ती होईल की नाही याची शंका आहे, आणि फिकट लाल म्हणजे हानी गंभीर असली तरी खर्च केल्यास दुरुस्ती शक्य आहे. नारिंगी आणि पिवळा हे रंग स्फोटाच्या धक्क्याने झालेल्या, इमारतीच्या सांगाड्याला धोका न पोहोचलेल्या हानीसाठी आहेत. मोठे वर्तुळ हे व्ही-1 या जर्मन उडत्या बॉम्बचे आणि लहान वर्तुळ हे व्ही-2 या रॉकेटचे ठिकाण दाखवते. या नकाशांच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे ते तेव्हाच्या लंडन काउंटीपुरतेच आहेत. आज लंडनमध्ये मोडणारे वेस्ट हॅम किंवा क्रॉयडन हे भाग तेव्हा त्या हद्दीबाहेर होते, आणि दोन्ही ठिकाणी अतोनात हानी झाली होती. दुसरी आणि अधिक महत्त्वाची मर्यादा अशी, की नकाशा हानी दाखवतो, तारीख दाखवत नाही. सप्टेंबर 1940 मध्ये तावदाने फुटलेले, एप्रिल 1941 मध्ये छप्पर उडालेले आणि जुलै 1944 मध्ये कोसळलेले घर त्यावर शेवटी एकाच रंगाने उरते.

तारखेसाठी हल्ल्यांचा कालक्रम डोक्यात पक्का असावा. लंडनवरील मोठे हल्ले 7 सप्टेंबर 1940 रोजी सुरू झाले आणि ब्लिट्झ नावाने ओळखला जाणारा हा काळ 10 मे 1941 च्या भीषण रात्रीनंतर ओसरला. कॉव्हेंट्रीची रात्र 14 नोव्हेंबर 1940 ची आहे, ब्रिस्टलचा पहिला मोठा हल्ला 24 नोव्हेंबरचा, लंडनच्या ‘सिटी’ या मध्यवर्ती जुन्या भागातील महाभयंकर आग 29 डिसेंबरची. प्लिमथवर मार्च आणि एप्रिल 1941 मध्ये, तर लिव्हरपूलवर मेच्या पहिल्या आठवड्यात हल्ले झाले. एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क आणि कँटरबरी या ऐतिहासिक शहरांची पाळी 1942 च्या एप्रिल ते जूनमध्ये आली. व्ही-1 चा लंडनवरील पहिला आघात 13 जून 1944 रोजी ग्रोव्ह रोडवरील रेल्वेपुलावर झाला. पहिले व्ही-2 रॉकेट 8 सप्टेंबर 1944 रोजी चिझिकमध्ये पडले आणि शेवटची 27 मार्च 1945 रोजी.

यानंतर बॉम्बगणनेकडे वळावे. गृहसुरक्षा मंत्रालयाने प्रत्येक बॉम्बचे ठिकाण नोंदवण्याची जी पद्धत उभी केली होती, तिचे नकाशे लंडनच्या क्यू या उपनगरातील नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एच.ओ. 193’ या मालिकेत आणि कागदपत्रे ‘एच.ओ. 198’ मध्ये आहेत. लंडनच्या 7 ऑक्टोबर 1940 ते 6 जून 1941 या काळातील नोंदींवरून तयार केलेला ‘बॉम्ब साइट’ हा नकाशा संगणकावरही पाहता येतो. मात्र या काळाच्या आधी पडलेला बॉम्ब तिथे दिसला नाही म्हणून तो पडलाच नाही असे म्हणता येत नाही, आणि हजारोंनी पडलेले आगलावे बॉम्ब एकेक करून नकाशावर घातलेले नसतात. त्यामुळे जळून गेलेल्या गल्लीवर एकही खूण नसणे शक्य आहे.

खरी माहिती बहुधा स्थानिक अभिलेखागारातच हाती लागते. हवाई हल्ल्यापासून संरक्षण करणाऱ्या ए.आर.पी. संघटनेचा वॉर्डन घटनास्थळावरून नियंत्रण केंद्राला ठरावीक नमुन्यात संदेश पाठवत असे: ठिकाण, बॉम्बचा प्रकार, अंदाजे जखमी, कोणी अडकले आहे का, आग लागली आहे का, पाण्याचे, गॅसचे किंवा विजेचे वाहक तुटले आहेत का आणि रस्ता बंद आहे का. या नोंदींतली लघुरूपे ओळखीची करून घ्यावीत; एच.ई. म्हणजे स्फोटक बॉम्ब, आय.बी. म्हणजे आगलावा, यू.एक्स.बी. म्हणजे न फुटलेला. अंधारात, मोडक्या टेलिफोनवरून किंवा सायकलवरच्या पोरासोबत पाठवलेल्या त्या ओळी वाचताना त्यांच्यामागचा धीर जाणवतो, आणि घाईत लिहिलेला घरक्रमांक चुकीचाही असू शकतो याची जाणीव ठेवावी लागते. म्हणून वॉर्डनची नोंद दुसऱ्या कशाशी तरी जुळल्याखेरीज निष्कर्ष लिहू नये.

आता माणसांकडे. या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे, कारण इथवर हाती आलेली माहिती विटांची असते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने युद्धात मारल्या गेलेल्या सुमारे 67,000 नागरिकांची नामावली तयार केली असून तिचे सात खंड वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलेले आहेत. तीच नामावली कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येते. नोंदीत नाव, वय, राहण्याचा पत्ता, कोणाचा मुलगा किंवा कोणाची पत्नी आणि मृत्यूचे ठिकाण असते. शोधताना नावाऐवजी रस्त्याचे नाव अतिरिक्त माहितीच्या रकान्यात घालावे. राहण्याचा पत्ता आणि मृत्यूचे ठिकाण एकच असेल, तर माणूस घरातच होता. ते वेगळे असतील, तर तो शेजाऱ्याच्या, सार्वजनिक शेल्टरच्या म्हणजे हल्ल्यात आसरा घेण्याच्या किंवा कामाच्या जागी होता. ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी जखमी, रुग्णालयात मृत्यू’ अशाही नोंदी असतात, त्यामुळे हल्ल्याच्या तारखेनंतरचे काही आठवडेही तपासावेत. लंडनच्या व्हॅलन्स रोडवरील ह्यूजेस मॅन्शन्सवर 27 मार्च 1945 च्या सकाळी व्ही-2 रॉकेट पडले आणि 134 माणसे गेली. त्या नोंदी एकामागून एक वाचल्या की एकाच आडनावाची आई, मुले आणि आजी ओळीने येत जातात. अशा वेळी घाई करू नये; प्रत्येक नाव आपल्या वहीत पूर्ण लिहून घ्यावे.

मेलेल्यांबरोबर जगलेल्यांचाही शोध घ्यायचा असतो, आणि त्यासाठी 1939 चे रजिस्टर हा सर्वांत मोठा आधार आहे. 29 सप्टेंबर 1939 रोजी झालेल्या या राष्ट्रीय नोंदणीत घरोघरच्या माणसांची नावे, जन्मतारखा आणि व्यवसाय उतरवले गेले. त्याचे मोल समजण्यासाठी एवढे सांगणे पुरे, की इंग्लंड आणि वेल्सच्या 1931 च्या जनगणनेचे कागद डिसेंबर 1942 मध्ये आगीत जळाले (ती आग बॉम्बची नव्हती), आणि 1941 ची जनगणना झालीच नाही. मात्र रजिस्टरमधले घर जसेच्या तसे ‘युद्धातले घर’ मानू नये. त्याआधी चारच आठवडे, 1 सप्टेंबरपासून, शहरांतली मुले आगगाड्यांनी खेड्यापाड्यांत पाठवली गेली होती, म्हणून ती आईवडिलांच्या पत्त्यावर सापडत नाहीत. सैन्यात असलेले पुरुष त्यात नाहीत. आणि ज्यांच्या जन्माला शंभर वर्षे झालेली नाहीत व ज्यांचा मृत्यू नोंदला गेलेला नाही, त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात. पुढे लग्न झालेल्या स्त्रियांची नवी आडनावे त्याच पानावर नंतर लिहिली गेली, कारण हे रजिस्टर आरोग्यसेवेच्या कामासाठी दीर्घकाळ वापरात होते. मतदारयाद्या 1940 ते 1944 या काळात तयारच झाल्या नाहीत, त्यामुळे त्या शोधण्यात वेळ घालवू नये. 1939 ची आणि 1945 ची यादी समोरासमोर ठेवावी, आणि कोणते क्रमांक मधल्या काळात यादीतून गेले ते पाहावे.

त्या घरातले रोजचे जगणे कळल्याशिवाय ही नावे नुसती नावेच राहतात. मागे अंगण असेल तर तिथे पत्र्याच्या वळणदार तक्त्यांचे, जमिनीत अर्धे पुरलेले अँडरसन शेल्टर असण्याची शक्यता धरावी. वर्षाला 250 पौंडांहून कमी मिळकत असलेल्या कुटुंबांना ते फुकट मिळत असे. अंगण नसेल तर 1941 पासून घरातच पोलादी टेबलासारखे, जाळीच्या बाजूंचे मॉरिसन शेल्टर आले, ज्याच्यावर दिवसा जेवण होई आणि रात्री ज्याच्या आत झोपणे होई. खिडक्यांना 1 सप्टेंबर 1939 पासून काळे पडदे होते. जानेवारी 1940 पासून बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली, जुलैमध्ये चहाही आला, तो माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. जून 1941 पासून कपड्यांनाही कुपने लागली, आणि अन्नधान्याचे शेवटचे निर्बंध उठायला जुलै 1954 उजाडला. हे बारकावे त्या काळच्या माणसांच्याच शब्दांत हवे असतील, तर ससेक्स विद्यापीठाशी संबंधित मास ऑब्झर्व्हेशन संग्रहातल्या रोजनिशा आणि इंपीरियल वॉर म्युझियममधल्या ध्वनिमुद्रित मुलाखती यांच्याइतके चांगले साधन नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे या काळात लंडनमध्ये बीबीसीच्या भारतीय विभागात काम करीत होत्या. त्या नभोवाणीच्या मुख्य इमारतीवरही 15 ऑक्टोबर 1940 रोजी बॉम्ब पडून सात कर्मचारी मृत्युमुखी पडले होते.

वर्तमानपत्रे वाचताना सेन्सॉरचा विचार करावा. शहराचे नाव लगेच छापण्याची मुभा नसल्याने हल शहरावरील हल्ल्यांच्या बातम्या ‘ईशान्य किनाऱ्यावरील एक शहर’ अशा शब्दांत येत राहिल्या, आणि देशातल्या सर्वाधिक हानी झालेल्या शहरांपैकी एक असूनही त्याचे दुःख बाहेर फारसे पोहोचले नाही. त्या शहराचा शोध घेणाऱ्याने नावावर विसंबू नये, तारखेने शोधावे.

एवढे झाल्यावरच प्रत्यक्ष जागेवर जावे, कारण तयारी करून गेलेल्या डोळ्यांना पुष्कळ अधिक दिसते. उरलेल्या घराच्या उघड्या पडलेल्या बाजूच्या भिंतीवर शेजारच्या घराच्या शेगडीच्या किंवा मजल्याच्या खुणा आहेत का, ओळीतल्या एखाद्याच घराच्या दर्शनी विटा नव्या आहेत का, हे पाहावे. बैठ्या भिंतींच्या माथ्यावर लोखंडाचे कापलेले खुंट दिसतात. युद्धासाठी काढून नेलेल्या कठड्यांचे ते अवशेष आहेत. दक्षिण लंडनच्या काही वसाहतींचे कुंपण म्हणजे जखमींसाठी बनवलेली पोलादी स्ट्रेचर आहेत. दांड्यांना दोन्ही टोकांकडे दिलेल्या बाकावरून ती ओळखू येतात. वेस्टमिन्स्टरमधील लॉर्ड नॉर्थ स्ट्रीटवर भिंतीवर रंगवलेल्या शेल्टरच्या पाट्या अजून वाचता येतात. मात्र दगडावरचा प्रत्येक घाव या युद्धाचा नसतो. थेम्सकाठी क्लिओपात्राज नीडल या इजिप्तमधून आणलेल्या दगडी स्तंभाशेजारच्या स्फिंक्सवरील भोके 1917 च्या हवाई हल्ल्याची, म्हणजे पहिल्या महायुद्धाची आहेत. आणि ओळीतली पोकळी तर 1950 किंवा 1960 च्या दशकात नगरपालिकेने जुनी घरे पाडल्यानेही पडलेली असते. माझ्या पहिल्याच शोधात मी अशा एका जागेला बॉम्बची जागा ठरवून बसलो होतो. युद्धानंतरचा नकाशा पाहिला तेव्हा तिथली सगळी घरे 1951 मध्ये धडधाकट उभी होती.

जिथे अवशेष मुद्दाम जपले आहेत अशा ठिकाणी आधी एकदा जाऊन यावे, म्हणजे नजर तयार होते. कॉव्हेंट्रीच्या जुन्या कॅथीड्रलच्या उघड्या भिंती, 1962 मध्ये अर्पण झालेल्या नव्या कॅथीड्रलला लागून आहेत. लिव्हरपूलचे सेंट ल्यूक्स, प्लिमथचे चार्ल्स चर्च, साउदॅम्प्टनचे होलीरूड आणि लंडनचे सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट ही चर्चही तशीच बिनछपराची राखली आहेत. हलमधील नॅशनल पिक्चर थिएटरची दर्शनी भिंत मला यांत वेगळी वाटते, कारण ती एका साध्या चित्रपटगृहाची आहे. 18 मार्च 1941 च्या रात्री आत सुमारे 150 प्रेक्षक असताना ते कोसळले आणि सगळे वाचले.

जागेवर वागण्याचे काही नियम कटाक्षाने पाळावेत. त्या घरांत आज माणसे राहतात. दार ठोठावून ‘तुमच्या घराच्या जागी अमुक जण मेले’ असे सांगू नये, फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि वृद्ध शेजारी बोलायला तयार असतील तर आपण कमी बोलावे. त्यांच्या आठवणीत दोन रात्री एक झालेल्या असतील, तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नयेत. कागदाशी नंतर ताडून पाहाव्यात. कुठेही खणू नये. गंजलेली, संशयास्पद धातूची वस्तू दिसल्यास हात न लावता दूर जावे आणि 999 या आणीबाणीच्या क्रमांकावर कळवावे. ही भीती जुनी झालेली नाही: फेब्रुवारी 2024 मध्ये प्लिमथच्या एका घराच्या बागेत 500 किलोचा बॉम्ब सापडला आणि तो समुद्रात नेण्यापूर्वी हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

शेवटी लेखन. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या नोंदीतून आले हे लिहावे, आणि दोन स्वतंत्र नोंदी जुळल्या नसतील तर तसे स्पष्ट म्हणावे. मृतांची नावे नामावलीत आहेत तशीच, वयासह द्यावीत. वाचलेल्यांची मुले-नातवंडे हयात असू शकतात, म्हणून त्यांच्याविषयी कागदात आहे त्यापलीकडे काही लिहू नये. तयार टिपणाची एक प्रत त्या भागाच्या स्थानिक अभिलेखागाराला द्यावी, आणि तिच्यावर जुना पत्ता व आजचा पत्ता दोन्ही घालावेत.