वाळवंटातल्या टप्प्यांच्या शर्यतीत आपलं माणूस धावत असताना घरून साथ कशी द्यावी

सात दिवस, पाच-सहा टप्पे, सुमारे २५० किलोमीटर आणि आठवड्याचं जेवण पाठीवर. दक्षिण मोरोक्कोत १९८६ पासून होणारी मॅरेथॉन दे साब्ल ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत. गोबी, आटाकामा आणि नामिबच्या वाळवंटांतही याच धर्तीच्या शर्यती होतात. धावणारा वर्षभर तयारी करतो. घरचे मात्र विमान सुटल्यावर जागे होतात आणि मग फोन लागत नाही, ऑनलाइन नकाशावर त्याची जागा दाखवणारा ठिपका दोन तास हलत नाही, म्हणून रात्र जागून काढतात. यातली बरीचशी धास्ती आधी दोन-तीन संध्याकाळी एकत्र बसलं तर टळते.

निघण्याआधी: एक कागद आणि एक अवघड बोलणं

एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून घ्या: बिब क्रमांक (धावणाऱ्याच्या छातीवर लावलेला क्रमांक), शर्यतीत नोंदवलेलं नाव (पासपोर्टवर असतं तसंच, ट्रॅकरवर शोधताना टोपणनाव चालत नाही), आयोजकांचा आपत्कालीन फोन, विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन, रक्तगट, रोजची औषधं, ॲलर्जी, परतीच्या विमानाचा तपशील. पासपोर्टची प्रत सोबत जोडा. विम्यात हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का, आणि ‘साहसी खेळ’ वगळलेले नाहीत ना, हे पॉलिसीतच वाचा. पुष्कळशा साध्या प्रवासविम्यात ते वगळलेले असतात.

घरातला एकच माणूस आयोजकांशी बोलेल असं ठरवा. बाकी सगळे त्याच्याकडून ऐकतील. चार नातेवाईकांनी एकाच रात्री आयोजकांना फोन केले तर उत्तर लवकर मिळत नाही, उलट खरी अडचण असलेल्या कुणाचा तरी फोन अडतो.

आता अवघड बोलणं. घरी गंभीर काही झालं, कुणी आजारी पडलं किंवा गेलं, तर शर्यत चालू असताना कळवायचं की नाही? हे धावणाऱ्यालाच विचारा आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. कळवायचं ठरलं असेल तर ते घरून पाठवलेल्या, संध्याकाळी तंबूत वाटल्या जाणाऱ्या संदेशांतून कधीही कळवू नका. आयोजकांच्या आपत्कालीन क्रमांकावर बोला. त्यांचा माणूस किंवा डॉक्टर समोर बसून सांगेल.

संदर्भ तक्ता बनवा

शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याचं अंतर, सुटण्याची वेळ, चेकपॉइंट (वाटेवरचे पाण्याचे आणि नोंदीचे थांबे) आणि कट-ऑफ (पोहोचण्याची शेवटची वेळ) दिलेले असतात. ही पुस्तिका कधी कधी शर्यतीच्या अगदी तोंडावर मिळते. ती मिळाली की तक्ता करा, आणि प्रत्येक टप्प्याला दोन वेळा काढा: सगळं नीट गेलं तर आणि दिवस वाईट गेला तर.

सर्वांत लांब टप्प्याचं उदाहरण घेऊ. अंतर ८२ किलोमीटर. ताशी साडेचार किलोमीटर धरले तर चालण्याचे सव्वाअठरा तास. सहा चेकपॉइंटवर २० मिनिटांप्रमाणे आणखी दोन तास. सकाळी आठला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाचारच्या सुमारास पोहोचेल. आता वाईट दिवस: ताशी साडेतीन किलोमीटर, प्रत्येक चेकपॉइंटवर अर्धा तास, मध्ये दोन तास झोप. पोहोचायला दुपारचे साडेबारा वाजतात. या आठ तासांच्या पट्ट्यात तो केव्हाही आला तरी काहीच बिघडलेलं नाही. हा पट्टा कागदावर समोर असला की मध्यरात्रीचे विचार आवरतात.

ताशी साडेतीन म्हणजे फार हळू, असं घरी बसून वाटतं. मऊ वाळूच्या टेकड्यांवर ताशी दोन-तीन किलोमीटरही होतात. पहिल्या दिवशी सॅक सर्वांत जड असते. मॅरेथॉन दे साब्लच्या नियमाने पाण्याशिवाय तिचं वजन साडेसहा ते पंधरा किलोंच्या मध्ये असावं लागतं. घरच्या सरावातला वेग इथे लावू नका.

वेळेच्या फरकातही गफलत होते. मोरोक्कोची घड्याळं एरवी जागतिक प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतात, पण रमजानच्या महिन्यात एक तास मागे घेतली जातात. शर्यतीच्या तारखा रमजानला चिकटून आल्या तर आधी केलेला हिशेब तासाने चुकतो. तक्त्यात तिथली आणि आपली अशा दोन्ही वेळा लिहा.

ठिपका कसा वाचायचा

धावणाऱ्याजवळचा ट्रॅकर ठरावीक अंतराने उपग्रहाकडे जागा पाठवतो. ठिपका सलग सरकत नाही, उड्या मारतो. दोन जागांच्या मध्ये नकाशा सरळ रेघ ओढतो, त्यामुळे डोंगराला घातलेला वळसाही डोंगरातून आरपार गेल्यासारखा दिसतो आणि वेग कमी-जास्त भासतो.

ठिपका थांबला तर या क्रमाने पाहा.

१. ठिपक्यावर टिचकी मारून शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. वेळ जुनी असेल तर माणूस नव्हे, सिग्नल थांबला आहे. ट्रॅकर उलटा बसला, त्याच्यावर चटई किंवा जॅकेट आलं, दरीत आकाश कमी दिसलं किंवा बॅटरी उतरली की असं होतं. दोन-तीन नोंदी गाळून ठिपका एकदम पुढे उमटणं नेहमीचंच आहे.

२. नोंद ताजी आहे पण जागा तीच आहे? मग ती जागा चेकपॉइंट आहे का ते तक्त्यात पाहा. असेल तर तो पाणी घेतोय, पायांना पट्ट्या लावून घेतोय किंवा झोपलाय. फोडांसाठी डॉक्टरांच्या तंबूबाहेर रांग असते. तासभर सहज जातो.

३. जागा चेकपॉइंट नसेल तर आजूबाजूचे ठिपके बघा. सगळेच थांबले असतील तर बहुधा वाळूचं वादळ आहे. अशा वेळी वादळ सरेपर्यंत जागीच थांबायचं असतं, आणि तो तेच करतोय.

४. बाकीचे पुढे जात आहेत, हा एकटाच मधोमध थांबलाय आणि ताज्या नोंदी येत आहेत, असं तास-दीड तास दिसलं, तर ठरलेल्या माणसाने आयोजकांना एकदा कळवावं. बिब क्रमांक, शेवटच्या नोंदीची वेळ आणि जागा सांगायची. बस, इतकंच.

आयोजकांच्या पडद्यावर हेच ठिपके आणि त्याहून जास्त माहिती असते. ट्रॅकरवर मदतीचं बटण असतं, वाटेवर गाड्या असतात, आणि शेवटच्या धावणाऱ्यामागून आयोजकांची माणसं चालत येतात. १९९४ च्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये वादळात वाट चुकलेला इटालियन धावपटू माउरो प्रोस्पेरी कित्येक दिवसांनी सीमेपलीकडे अल्जीरियात सापडला होता. रात्री दोनला शोधाशोध करणाऱ्या घरच्यांना नेमकी हीच हकिकत सापडते. तेव्हा धावणाऱ्यांजवळ असे ट्रॅकर नव्हते, हे त्या वेळी आठवावं.

ठिपका अचानक ताशी तीस-चाळीसच्या वेगाने वाटेबाहेर निघाला तर तो गाडीत आहे, म्हणजे त्याने बहुधा शर्यत सोडली आहे. यादीतला क्रमांक एकाएकी घसरला तर वेळेचा दंडही लागलेला असू शकतो. जास्तीचं पाणी किंवा सलाइन घेतल्याबद्दल दंड लावणाऱ्या शर्यती आहेत. आणि लांब टप्प्यात आघाडीच्या धावपटूंना काही तास उशिरा सोडतात, म्हणून दुपारपर्यंत नकाशा उलटासुलटा दिसतो. त्यावरून काही ताडू नका.

संदेश: काय, कधी, किती

बहुतेक मोठ्या शर्यतींत संकेतस्थळावरून धावणाऱ्याला संदेश पाठवता येतो. तो छापून संध्याकाळी तंबूत पोहोचवला जातो. पाठीवर ग्रॅम-ग्रॅम मोजणारे, टूथब्रशची दांडी कापून नेणारे लोक हे कागद दिवसभर खिशात घेऊन धावतात. घरच्यांच्या हातातलं हेच सर्वांत मोलाचं साधन आहे आणि बहुतेक घरांत तेच वाया जातं, कारण पहिल्या दिवशी वीस जण लिहितात आणि चौथ्या दिवशी कुणीच नाही. लांब टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी आणि तो संपल्यावर कागदाची खरी गरज असते. त्यामुळे पाळ्या लावा. रोज तीन-चार जणांनीच लिहायचं, आणि लांब टप्प्याच्या आधीचा दिवस सर्वांत जवळच्या माणसासाठी राखायचा.

संदेश आज लिहिला तरी उद्या वाचला जाऊ शकतो. म्हणून ‘आज’, ‘उद्या’ टाळून ‘डोंगराचा टप्पा’, ‘तिसरा टप्पा’ असं लिहा. पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव घाला, कारण छापताना पाठवणाऱ्याचं नाव गळू शकतं. देवनागरी अक्षरं आणि इमोजी तिथल्या छपाईत नुसते चौकोन होऊन उमटण्याचा धोका असतो; मराठीच लिहा, पण रोमन लिपीत. चार-पाच ओळी पुरेत.

प्रश्न विचारू नका, कारण त्याला उत्तर देता येत नाही आणि तो प्रश्न रात्रभर डोक्यात फिरतो. बिलं, शाळा, गळका नळ, यांतलं काही नको. ‘तू ३१२ वा आहेस, थोडा जोर लाव’ हे तर मुळीच नको. त्या एका वाक्यापायी माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात नको तेवढं पळतो. ‘झेपत नसेल तर परत ये’ हे प्रेमाने लिहिलेलं असतं, पण वाचणाऱ्याचे पाय फुटलेले असतात आणि रात्र थंडीची असते. थांबायचं की नाही हे तो आणि तिथले डॉक्टर ठरवतील.

डोळ्यांपुढे चित्र उभं राहील असं बारीक काहीतरी लिहा. ‘बाबा, मी रोज भिंतीवरच्या नकाशावर तुझा ठिपका पेन्सिलने पुढे नेते. काल तो डोंगर ओलांडून गेला.’ इतकं पुरतं.

संदेशव्यवस्था कधी कधी बंद पडते. त्यावर उपाय म्हणजे आधीच लिहिलेल्या चिठ्ठ्या. साध्या ए-४ कागदाचं वजन सुमारे ५ ग्रॅम, चतकोर तुकड्याचं सव्वा ग्रॅम. सहा टप्प्यांच्या सहा चिठ्ठ्या मिळून साडेसात ग्रॅम. प्रत्येक चिठ्ठी त्या त्या दिवसाच्या जेवणाच्या पाकिटात ठेवा. लपवाछपवी मात्र नको, सॅक भरणाऱ्याला सांगूनच ठेवा.

धावणाऱ्याकडूनही दिवसाला एखादा छोटा संदेश येऊ शकतो, पण त्यासाठी त्याला दुखऱ्या पायांनी रांगेत उभं राहावं लागतं. आला नाही तर ‘झोपला असेल’ असंच समजा.

लांब टप्प्याची रात्र

सगळ्यांनी जागू नका. पाळी ठरवा आणि ठिपका दर दोन तासांनीच बघा. दर पाच मिनिटांनी बघून नवं काही कळत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात पुष्कळ धावणारे चेकपॉइंटवर झोपतात आणि ठिपके एकदम थिजतात. अंतिम रेषेवर थेट कॅमेरा असेल तर टोपीचा रंग आणि हाताची एखादी खूण आधीच ठरवून ठेवा. धुळीने माखलेली माणसं पडद्यावर सगळी सारखीच दिसतात.

शर्यत अर्ध्यात सोडावी लागली तर

पहिला फोन येईल तेव्हा ‘का सोडलीस?’ विचारू नका. ‘पाणी प्यायलास का, डॉक्टरांनी बघितलं का, आता कुठे आहेस?’ हे विचारा. नातेवाइकांना बातमी त्याच्या परवानगीनेच द्या. समाजमाध्यमांवर तर त्याने स्वतः लिहीपर्यंत काहीच नको.

परतल्यावर

विमानतळावर पायापेक्षा मोठ्या, मोकळ्या चपला घेऊन जा. सुजलेले पाय बुटांत जात नाहीत. पहिले दोन दिवस थोडं-थोडं, वरचेवर खायला द्या. सत्कार आणि पाहुणे आठवडाभर पुढे ढकला. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद होणं किंवा फार कमी होणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप किंवा छातीत दुखणं, ताप, फोडाभोवती पसरणारी लाली, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शर्यतीत कोणत्या वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या तेही सांगा. पाणी कमी पडलेल्या शरीरात काही वेदनाशामकांचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

सॅक घाईने झटकून रिकामी करू नका. तळाशी घामाने चिकटलेले, घडी घातलेले छापील कागद असतात. ते हलक्या हाताने सोडवा, सावलीत वाळवा आणि त्याच्या हातात द्या.