टॅबलेटवर एकच काम, आपल्याच घरातल्या छायाचित्रांसह

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुण मुलाला किंवा मुलीला एखादे काम स्वतंत्रपणे करता यावे, यासाठी टॅबलेट वापरायचा असेल, तर डझनभर ॲप उतरवून घेण्याऐवजी रोजचे एकच काम निवडावे. उदाहरणार्थ, कार्यशाळेला जाताना डबा भरणे. त्याच्याच ओट्यावरची, त्याच्याच स्टीलच्या डब्याची छायाचित्रे काढावीत: डबा उघडला, खालच्या कप्प्यात पोळ्या, वरच्या कप्प्यात भाजी, कडी लावली, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली. इंटरनेटवरची चकचकीत चित्रे टाळावीत, कारण चित्रातला डबा आणि हातातला डबा वेगळा दिसला की अनेकजण तिथेच अडतात. प्रत्येक छायाचित्राला घरात बोलतो त्याच मराठीत, चार-पाच शब्दांचा आवाज जोडावा.

शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करावी, म्हणजे पिशवीची चेन त्यानेच लावावी आणि काम पूर्ण झाल्याचे समाधानही त्यालाच मिळावे; मग एकेक पायरी मागे सरकावे. आयपॅडवरील ‘गाइडेड ॲक्सेस’ किंवा अँड्रॉइडवरील ‘ॲप पिनिंग’ ही पडदा एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय सुरू ठेवल्यास बोट चुकून यूट्यूबकडे वळत नाही.

सर्वांत अवघड भाग मात्र पालकांचा असतो: तो थांबला की लगेच सांगायचे नाही, थोडे थांबायचे आणि तरीही अडला तर तोंडी उत्तर न देता पडद्याकडे बोट दाखवायचे. काम अंगवळणी पडत गेले की पक्क्या झालेल्या पायऱ्यांची छायाचित्रे एकेक करून काढून टाकावीत.