जपानी शिकायला सुरुवात करताना: रोमन अक्षरं लांब, मराठी जवळ

जपानी शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेक वेळा ती इंग्रजीतून शिकतो. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, उच्चारही रोमन अक्षरांत. खरं तर जपानी वाक्याची ठेवण इंग्रजीपेक्षा मराठीला कितीतरी जवळची आहे. ती कुठे जुळते हे आधी कळलं, तर सुरुवातीचे महिने खूपच सुकर जातात.

पहिलं काम हिरागाना लिपी. मूळ अक्षरं 46. क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को, पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी आणि शेवटी न्. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आकाराला आला. अक्षराशेजारी वर दोन छोट्या रेघा दिल्या की का चा गा होतो, ता चा दा होतो. हा ला बारीक वर्तुळ दिलं की पा. रोज एक-दोन ओळी हाताने गिरवा, तोंडाने म्हणा. रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा. उच्चार देवनागरीत टिपून ठेवायचा मोह होईल; तो पहिल्या आठवड्यापुरता ठीक. पुढे मात्र शब्द थेट हिरागानात वाचायचे, अडखळलात तरी चालेल.

उच्चारांत आपली बाजू भक्कम आहे. ता च्या ओळीतला ‘त्सु’ अनेकांना जड जातो, पण तो ‘चूल’मधला च. आणि तो सुटा ‘न्’ म्हणजे चक्क आपला अनुस्वार. ‘अंग’ आणि ‘अंबा’ म्हणताना नाकातला आवाज जसा पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, तसाच तो तिथेही बदलतो.

एका ठिकाणी मात्र फार सावध राहा: ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट. जपानी बोलणं मात्रांवर चालतं. टोकियो म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, चार मात्रा. निप्पोन म्हणजे नि-प्-पो-न्, याही चारच. हायकूचं 5-7-5 हेसुद्धा मात्रांचंच मोजमाप आहे. सुरुवातीला टाळ्या वाजवून शब्द मोजलेत तर कान लवकर तयार होतो.

मग काताकाना. आवाज तेच, अक्षरं वेगळी, मुख्यतः परकीय शब्दांसाठी: तेरेबि (टीव्ही), पासोकोन (कॉम्प्युटर). शि-त्सु आणि सो-न् या जोड्या हमखास गोंधळात टाकतात. शि आणि न् यांची शेवटची रेघ खालून वर ओढतात, त्सु आणि सो यांची वरून खाली. हे हाताला कळलं की डोळ्यालाही कळतं.

आता वाक्य. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’: मी, पाणी, पितो. क्रियापद शेवटी, आणि नामामागे प्रत्ययासारखे छोटे शब्द. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘तानाका-सान नो होन्’ म्हणजे तानाकांचं पुस्तक. ‘तोओक्योओ नि’ म्हणजे टोकियोला, ‘देन्शा दे’ म्हणजे ट्रेनने. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’: ‘इकिमासु का’, जाता का? दुजोरा हवा तर ‘ने’, आपल्या ‘ना’सारखा. क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष काहीच नाही. पितो, पिते, पितात, पिईन या सगळ्यांना ‘नोमिमासु’ पुरतं. नाही म्हणायला ‘नोमिमासेन’, झालेल्या गोष्टीला ‘नोमिमाशिता’. सुरुवातीला ‘मासु’चं हे सभ्य रूपच पक्कं करा, ते अनोळखी माणसाशीही निर्धास्त वापरता येतं.

मला सर्वांत आवडतं ते ‘ते’ रूप. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते तुकड्या-तुकड्यांनी समजवावं लागतं. आपल्याला एवढंच सांगितलं तरी पुरे, की हे आपलं ‘-ऊन’. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. ‘ताबेते नेमासु’, खाऊन झोपतो. ‘ताबेते मिमासु’, खाऊन बघतो, आणि इथलं ‘मिमासु’, मूळ रूप ‘मिरु’, हे खरोखर ‘बघणे’ हेच क्रियापद आहे. ‘ताबेते शिमाइमाशिता’, खाऊन टाकलं. रोजच्या बोलण्यातली अशी पाच-सहा मराठी वाक्यं घ्या आणि ती जपानीत बसवून पाहा.

अवघड काय, तर ‘वा’ (बोलण्याचा विषय दाखवणारा) आणि ‘गा’ (कर्ता दाखवणारा) यांतला फरक. तो नियम पाठ करून येत नाही. भरपूर ऐकून, वाचून सवयीने येतो.

कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांची, भीती बाळगू नका, पण घाईही नको. जपान सरकारच्या 2010 च्या यादीत रोजच्या वापरातली 2136 कांजी आहेत. पहिलीतली जपानी मुलं त्यांतली फक्त 80 शिकतात. एकाच चिन्हाचे दोन-तीन उच्चार पाहून नवखा गांगरतो. पण आपण एकटं ‘पाणी’ म्हणतो आणि समासात ‘जलप्रवास’. तिथेही पाण्याचं चिन्ह एकटं असताना ‘मिझु’, आणि ‘सुइयोओबि’ म्हणजे बुधवार या जोडशब्दात ‘सुइ’. म्हणून सुटी चिन्हं घोकण्यापेक्षा शब्दच पाठ करा.

साहित्यासाठी जपान फाउंडेशनची ‘इरोदोरी’ ही पाठ्यपुस्तकं ध्वनिफितींसह इंटरनेटवर मोफत आहेत. शब्दांच्या उजळणीला ‘अंकी’ (Anki) हे ॲप चांगलं. रोज अर्धा तास बसा. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा ते जास्त टिकतं.

परीक्षा द्यायची असेल तर जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. तिच्या पाच पातळ्या आहेत, एन5 सर्वांत सोपी, आणि ती जुलैत आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्यात वाचन, व्याकरण, शब्द आणि ऐकणं तपासतात, बोलणं नाही. तेव्हा धड्यातली प्रत्येक ध्वनिफीत ऐकताना वक्त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणत जा, आणि आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐका. ‘ओबाआसान’मधली जादा मात्रा सुटतेय का, ते तिथेच कळेल.