आखाडात कोंबडे विकायच्या आधी कळपासाठी एक बाजूला काढा

आखाड लागला की दारात व्यापारी येतो, पाहुणे येतात, आणि कळपातला सगळ्यात भरलेला चपळ कोंबडा पहिला जातो, मग कुणी न घेतलेला जो किरकोळ उरतो तोच वर्षभर कोंबड्यांत फिरतो. हे थांबवा. एखादी कोंबडी हलकी असली तर तिच्यापुरतं नुकसान, पण कोंबडा हलका निघाला तर घरातली सगळी पिल्लं हलकी.

माघ-फाल्गुनात निघालेली पिल्लं आता 4-5 महिन्यांची आहेत, निवड करायची हीच वेळ. संध्याकाळी खुराड्यात बसल्यावर एकेकाला हातात घ्या, छातीचं हाड सरळ आहे का, पायाची बोटं वाकडी नाहीत ना, डोळे स्वच्छ, नाक कोरडं, मागची पिसं विष्ठेनं चिकटलेली नाहीत ना हे सगळं बघा. तुरा लालभडक पाहिजे. नुसतं वजन बघून मात्र घेऊ नका, फार जड कोंबडा कोंबड्यांच्या पाठी सोलतो. आणि गिरिराज, वनराज असल्या सुधारित जातीचा नर घरचाच ठेवला तर पुढच्या पिढीत तीच वाढ आणि तीच अंडी मिळत नाहीत, हे आधीच धरून चाला.

माझ्या मते अंगापेक्षा वागणूक जास्त बघावी. सकाळी दाणे टाकले की जो आधी कोंबड्यांना आवाज देऊन बोलावतो आणि घार दिसली की ओरडतो तो कळप सांभाळतो. लहान पोरांच्या अंगावर धावणारा कितीही देखणा असला तरी ठेवू नका, पोरांच्या डोळ्याला इजा व्हायला वेळ लागत नाही आणि असला स्वभाव पिल्लांतही उतरतो.

8-10 गावरान कोंबड्यांना एक नर बास होतो, पण दुसरा एक वेगळ्या डालग्यात राखून ठेवा. घरचाच नर घरच्याच कोंबड्यांवर वर्षानुवर्षं फिरवला की अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त निघतात, म्हणून बहिणीच्या नाहीतर मामाच्या गावाशी अदलाबदल करा, सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बाहेरून आणलेला, त्यातून बाजारातला असेल तर 3 आठवडे लांब ठेवा, त्याचं पाणी-खाद्य वेगळं, कारण मानमोडी (राणीखेत रोग) आली की अख्खं खुराडं रिकामं होतं. लसीचं जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

जुना कोंबडा काढला तरी 2-3 आठवडे अंड्यांत त्याचंच बीज येऊ शकतं. त्यामुळं नवा सोडल्यावर 3 आठवड्यांची अंडी खायला-विकायला काढा आणि रवणाला (कोंबडीखाली उबवायला) त्यानंतरचीच ठेवा. जत, आटपाडी, माण तालुक्यांकडं पाऊस कमी, तिथं श्रावणात कोंबडी बसवली तरी चालतं, पण पाटण, जावळी, शिराळ्यात ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते, तिथं पाऊस ओसरू द्या. बसवल्यावर 7 व्या दिवशी रात्री अंड्यामागं टॉर्च धरा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलंय. बरीच अंडी कोरी दिसली तर कोंबडा अजून कोवळा असेल, 6 महिन्यांचा होऊ द्या, आणि पुढच्या रवणालाही तसंच झालं तर राखून ठेवलेला दुसरा सोडा.